धानाच्या बांधीत झिंक: कधी, किती आणि कशासोबत नाही

धानाची, म्हणजे भाताची, रोवणी आटोपून वीसेक दिवस झाले की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, धान लाल पडलं. कोणतं औषध मारू?" विचारणारा बहुतेक वेळा नवा असतो. कुणी नोकरी सोडून गावी आलेला असतो, कुणाच्या वडिलांनी यंदा पहिल्यांदाच कारभार हाती दिलेला असतो. कृषी केंद्रातून त्याने बुरशीनाशकाची बाटली आणलेली असते आणि ती पंपात ओतायच्या आधी कुणाला तरी विचारावं म्हणून फोन केलेला असतो. मी एकच विचारतो, "मे महिन्यात माती तपासली होती का?" बहुधा पलीकडे शांतता असते.

हा लेख त्या शांततेसाठी आहे. मी लिहितोय ते भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या रोवणीच्या धानाबद्दल. कोकणातल्या जांभ्या जमिनीचं आणि रायगडच्या खार जमिनीचं गणित थोडं वेगळं आहे; जांभ्या जमिनीचा उल्लेख ओघात येईल.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. सूक्ष्म अन्नद्रव्यं म्हणून दुकानात जस्त, लोह, मंगल (मँगनीज), तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम असा सगळा परिवार मांडलेला असतो. पाणी साचवून केलेल्या धानाला त्यातलं सगळ्यात जास्त वेळा कमी पडतं ते जस्त, म्हणजे झिंक. बोरॉन कधीमधी. लोह रोपवाटिकेत लागतं, बांधीत, म्हणजे बांध घालून पाणी साचवलेल्या तुकड्यात, फारसं नाही. बाकीच्यांसाठी मातीचा अहवाल सांगत नाही तोवर खिशात हात घालू नका.

असं का, ते समजून घ्या

चिखलणी करून पाणी साचवलं की काही दिवसांतच मातीतला प्राणवायू संपतो. मग मातीतलं लोह आणि मंगल विरघळणाऱ्या रूपात येतं आणि मुळांना हवं तेवढं, कधी नको तेवढंही मिळू लागतं. जस्ताचं नेमकं उलटं होतं. पाणी जितके दिवस साचून राहील तितकं ते मातीत अडकत जातं. जमीन चुनखडीची असेल, सामू (पीएच) ७.५ च्या वर असेल, स्फुरद (फॉस्फरस) भरमसाठ दिलं असेल किंवा रोवणीच्या तोंडावर कच्चं शेणखत गाडलं असेल, तर ते आणखी अडकतं. म्हणून तलावाखालची, कधी न सुकणारी खोलगट बांधी सगळ्यात आधी लाल पडते आणि वरच्या अंगाची हलकी बांधी हिरवीगार उभी असते. एकाच शेतात, एकाच खतावर. नवख्याला हे कोडं वाटतं आणि तो रोग समजून बसतो.

रोग समजणारा तो काही पहिला नाही. १९६० च्या दशकात उत्तरेत तराईच्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या, भागात धान असंच कातासारखं तपकिरी पडायचं. शेतकरी त्याला खैरा म्हणत. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातले वनस्पतीरोगशास्त्रज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी दाखवून दिलं की हा बुरशीचा किंवा विषाणूचा रोग नाही, ही जस्ताची उपासमार आहे. १९६६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. नाव मात्र 'खैरा रोग' असंच राहिलं, आणि त्या 'रोग' शब्दामुळे आजही बाटल्या विकल्या जातात.

मे महिना: माती काढा, पण जस्ती बादलीत नको

उन्हाळी धान घेत नसाल तर मे महिन्यात बांध्या रिकाम्या आणि कोरड्या असतात. नमुना तेव्हाच काढायचा. एका सारख्या तुकड्यातून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा सहा ते आठ इंच खोल खड्डा करा. खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्या. सगळी एकत्र करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवून कापडी किंवा स्वच्छ प्लास्टिक पिशवीत भरा. धुऱ्याजवळची (बांधाजवळची), शेणखताच्या ढिगाखालची, झाडाखालची माती घेऊ नका. खोलगट बांधी आणि वरची बांधी यांचे नमुने वेगळे ठेवा.

इथे जवळजवळ सगळे एक चूक करतात. माती गोळा करायला घरातली पत्र्याची बादली घेतात. त्या पत्र्यावर मुलामा कशाचा असतो? जस्ताचा. म्हणून तर तिला जस्ती बादली म्हणतात. तुम्ही मातीत जस्त मोजायला पाठवताय आणि बादलीच नमुन्यात जस्त मिसळतेय. अहवालात जस्त भरपूर येतं आणि ऑगस्टमध्ये धान लाल पडतं. गंजलेल्या खुरपीनं लोहाचा आकडा असाच फुगतो. प्लास्टिकचं टोपलं आणि बांबूची किंवा लाकडाची चीप वापरा. खड्डा फावड्याने करायला हरकत नाही, फक्त नमुन्याची माती शेवटी लाकडी चिपेनं खरवडून घ्या. खताच्या रिकाम्या पोत्यातही माती भरू नका.

प्रयोगशाळेत देताना 'सूक्ष्म अन्नद्रव्यांसह' असं तोंडाने सांगा. जमीन आरोग्य पत्रिकेत एकूण १२ घटक असतात आणि त्यात जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन हे पाचही येतात. हाती आलेल्या कागदावर त्या पाच रकान्यांत आकडे आहेत की नुसत्या रेघा, ते तिथेच उभं राहून बघा.

आकडे वाचायला सोपे आहेत. जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली असेल तर कमी. बोरॉन ०.५ च्या खाली कमी. लोहाला ४.५, मंगलाला २ आणि तांब्याला ०.२ ही रेघ धरतात. त्यासोबत सामूही बघा. जस्त ०.७ आहे पण सामू ८ आणि बांधी तलावाखालची, असं असेल तर मी त्याला 'पुरेसं' म्हणत नाही.

रोपवाटिका: पऱ्हे (धानाची कोवळी रोपं) पांढुरके पडले तर

एक एकर रोवणीला साधारण ४ आर (४०० चौरस मीटर) रोपवाटिका लागते. गादीवाफ्यावर पाणी साचत नाही, म्हणून तिथलं चित्र बांधीच्या उलट असतं. पाऊस ओढ देतो, वाफा कोरडा पडतो आणि पऱ्ह्यांची नवी पानं पिवळी, मग कागदासारखी पांढुरकी होतात. ही लोहाची कमतरता. जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर ते नत्र (नायट्रोजन) कमी पडल्याचं लक्षण. नवी आधी पिवळी होत असतील तर लोह. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुरतं.

उपाय दोन आहेत. पहिला फुकटचा: वाफ्याला पाणी द्या, ओल टिकवा. बरेचदा तेवढ्यानेच पऱ्हे सावरतात. नाही सावरले तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम विरघळवून फवारा आणि आठवड्याने पुन्हा फवारा. हिराकस घेताना रंग बघा. फिकट हिरवे खडे हवेत. तपकिरी भुकटी झाली असेल तर हवेनं तिचं काम संपवलेलं आहे; ती पानाला उपयोगाची नाही. द्रावणही लगेच वापरा, रात्रभर ठेवू नका.

जस्त कमी असलेल्या शेतासाठी रोवणीच्या वेळी आणखी एक स्वस्त युक्ती आहे. झिंक ऑक्साइड लिटरला २० ग्रॅम या प्रमाणात पाण्यात कालवायचं आणि पेंढ्यांची मुळं त्यात मिनिटभर बुडवून मग रोवायची. झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून काडीने ढवळत राहावं लागतं. रोवणाऱ्या बाया वैतागतात, पण कमतरता थोडीच असेल तर भागून जातं.

दुकानात: पिशवीवरचा आकडा

झिंक सल्फेट दोन प्रकारचं मिळतं. एकात २१ टक्के जस्त असतं, दुसऱ्यात ३३ टक्के. दोन्ही चांगले, फक्त मात्रा वेगळी. एकरी १० किलो ही शिफारस २१ टक्क्यांच्या मालाची आहे, म्हणजे प्रत्यक्ष जस्त २ किलो १०० ग्रॅम. तेवढंच जस्त ३३ टक्क्यांच्या साडेसहा किलोतून मिळतं. दुकानदार पिशवीचा भाव सांगेल, तुम्ही किलोभर जस्ताचा भाव काढा.

तिसरा प्रकार चिलेटेड झिंक, १२ टक्के. छोटी चकचकीत पुडी, चढा भाव. फवारणीला तो उत्तम आहे, पानं भाजत नाही. पण अर्ध्या किलोच्या पुडीत जस्त ६० ग्रॅम असतं. जमिनीची २ किलोची भूक ६० ग्रॅमवर भागेल असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि बाहेर या.

आता 'ग्रेड १' आणि 'ग्रेड २'. राज्यात ही मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यं सर्रास मिळतात. ग्रेड १ जमिनीतून द्यायला, ग्रेड २ फवारणीला. ग्रेड १ मध्ये जस्त ५ टक्के, लोह २, मंगल १, बोरॉन १ आणि तांबं ०.५ टक्का असतं. दहा किलो ग्रेड १ टाकलं तर जस्त पडतं फक्त अर्धा किलो, आणि सोबत लोह-मंगलाचे पैसे मोजता, जे पाणी साचल्यावर बांधी तुम्हाला आपणहून देणार असते. भाजीपाल्याला, फळबागेला ग्रेड १ ला जागा असेल. ज्या शेताच्या अहवालात फक्त जस्त कमी आहे तिथे मी ते कधी घेत नाही.

झिंक सल्फेटात भेसळ होते ती मॅग्नेशियम सल्फेटची. दिसायला दोन्ही सारखे, पांढरे खडे. घरच्या घरी ओळखायचं असेल तर हे करा, आणि धानाचं नवं काम शिकत असाल तर भेसळीची शंका नसली तरी एकदा कराच. पाण्याच्या दोन बाटल्यांची बुडं कापून दोन पेले करा. एकात चमचाभर डीएपी (स्फुरद असलेलं रासायनिक खत) विरघळवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी निवळून घ्या. दुसऱ्यात चमचाभर झिंक सल्फेट विरघळवा. आता झिंकचं पाणी डीएपीच्या पाण्यात हळूहळू ओता. दूध नासल्यासारखा पांढरा, घट्ट साका तयार होतो. माल झिंकचा आहे. नुसतं मॅग्नेशियम सल्फेट असेल तर तसा दाट साका येत नाही. या चाचणीतून टक्केवारी कळत नाही. भेसळ अर्धीमुर्धी आहे असा संशय असेल तर पक्की पावती जपून ठेवा आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला नमुना काढायला सांगा.

तो पेला फेकू नका. अर्धा तास तसाच ठेवा आणि त्या साक्याकडे बघा. तो जस्त आणि स्फुरद एकमेकांना चिकटून झालेला दगड आहे. पाण्यात विरघळत नाही, मुळाला मिळत नाही. खत देणाऱ्या माणसाने डीएपी आणि झिंक एकाच घमेल्यात कालवलं की बांधीत हेच होतं, फक्त तिथे ते दिसत नाही.

मी पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं. मजूर एक दिवसच मिळणार होते. एका कृषी केंद्रात विचारलं तर "टाका एकत्र, काही होत नाही" असं उत्तर मिळालं. तीन एकरांवर डीएपी आणि झिंक एकत्र फेकलं. तेविसाव्या दिवशी तळ्याच्या बाजूच्या दोन बांध्या विटकरी झाल्या. मी झिंक टाकलेलं होतं, म्हणून झिंकची कमतरता हा विचारही मनात आला नाही. करपा हा बुरशीचा रोग समजून दोन फवारण्या वाया घालवल्या. मग शेजारच्या काकांनी विचारलं, "कशासंगं टाकलं होतं?"

चिखलणी ते रोवणी: टाकायचं कसं

स्फुरदाचं खत, डीएपी असो की सुपर फॉस्फेट, शेवटच्या चिखलणीच्या वेळी टाकून चिखलात मिसळून घ्या. झिंक सल्फेट त्यानंतर वेगळं, चिखल बसल्यावर, रोवणीच्या आधी किंवा रोवणी झाल्यावर दोन-चार दिवसांत द्या. पृष्ठभागावर पडलेलं झिंक खोल गाडलेल्यापेक्षा जास्त कामी येतं, म्हणून ते नांगराखाली घालायची गरज नाही. १० किलो झिंक एकरभर सारखं फेकणं हाताला जमत नाही, म्हणून ते चाळलेल्या कुजलेल्या शेणखतात किंवा कोरड्या मातीत मिसळा. ३०-४० किलोचा ढीग करा आणि एकदा उभं, एकदा आडवं फेका.

फेकण्याआधी धुऱ्यांची तोंडं बंद करा. आपल्याकडे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरतं. तोंड उघडं राहिलं आणि रात्री जोराचा पाऊस आला तर तुमचं झिंक खालच्या शेजाऱ्याच्या धानाला जातं. पाणी दोन बोटं असावं आणि दोन-तीन दिवस वाहतं नसावं.

एकदा पुरेशी मात्रा दिली की तिचा अंश पुढच्या दोन-तीन हंगामांनाही पुरतो. दरवर्षी टाकायचं खत नाही हे. पुन्हा माती तपासा, मग ठरवा.

रोवणीनंतर दोन ते चार आठवडे: रोज एक फेरी

या काळात सकाळी बांधीत उतरा. धुऱ्यावरून दिसत नाही. एक रोप हातात घ्या आणि नव्या पानाची मधली शीर बुडाशी बघा. ती फिकट, पांढुरकी होत असेल तर ती खैऱ्याची पहिली खूण. त्यानंतर खालच्या पानांवर गंजाच्या शिंतोड्यांसारखे तपकिरी ठिपके येतात, ते एकमेकांत मिसळतात आणि अख्खं पान कातरंगी होतं. फुटवे थांबतात. बांधी उंचसखल दिसू लागते, कुठे चट्टे, कुठे बरं.

याच्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. करप्याचा ठिपका डोळ्याच्या आकाराचा, दोन्ही टोकं निमुळती आणि मध्ये राखाडी असतो. कडा करप्यात पान टोकाकडून, कडेने नागमोडी वाळत येतं. नत्र कमी असेल तर सगळी बांधी सारखीच पिवळट दिसते, ठिपके नसतात. चौथी गोष्ट फसवी आहे: लोह जास्त होणं. खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके सुरू होतात, पान तांबूस झाक मारतं, आणि रोप उपटलं तर मुळांवर गंजाचा जाड लेप दिसतो. कोकणातल्या जांभ्या टेकड्यांच्या पायथ्याला, पाझराच्या खाचरांत हे होऊ शकतं. तिथे लोहयुक्त मिश्रण फवारणं म्हणजे जखमेवर मीठ. पाणी काढून जमिनीला हवा देणं हा खरा उपाय.

खैराच आहे असं वाटलं की आधी पाणी काढा. जमिनीला बारीक भेगा पडू लागेपर्यंत, चार-पाच दिवस, बांधी उघडी ठेवा. हवा शिरली की अडकलेलं जस्त थोडं सुटतं. त्याच काळात फवारणी करा. एकरी २०० लिटर पाण्याला २१ टक्क्यांचं झिंक सल्फेट १ किलो आणि चुना अर्धा किलो. पंधरा लिटरच्या पंपाला झिंक ७५ ग्रॅम, चुना ३८ ग्रॅम. चुना कशाला? नुसत्या झिंक सल्फेटचं पाणी आंबट असतं, पानं भाजतं. चुना रात्री प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, सकाळी वरची निवळी कापडातून गाळून घ्या. गाळली नाही तर पंपाचं नोझल तासातासाला तुंबतं, हे मी अनुभवाने सांगतो. चुना नसेल तर २ टक्के युरिया चालतो, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. हातमोजे घाला, ऊन उतरल्यावर फवारा, आणि 'एकाच फेरीत होऊन जाईल' म्हणून बुरशीनाशक किंवा कीटकनाशक त्यात ओतू नका. दहा दिवसांनी दुसरी फवारणी.

निदानाची खात्री नसेल तर आधी फक्त एका कोपऱ्यात, पंपभर फवारा आणि खुणेची काडी रोवा. आठ-दहा दिवसांनी नवी पानं बघा. नवी, जुनी नाही. लाल झालेलं पान परत हिरवं होत नाही आणि नवखा माणूस त्याच पानाकडे बघून "फरक नाही" म्हणतो. काडीजवळची नवी पानं हिरवी आणि बाकीच्या बांधीतली फिकट, तर जस्तच.

बोरॉन

अहवालात बोरॉन ०.५ च्या खाली असेल तरच. कमतरतेत नव्या पानांची टोकं पांढरी होऊन गुंडाळतात, पण ते क्वचितच नजरेला पडतं. नुकसान कळतं ते मळणीला, लोंबीत पोचट दाणे वाढलेले असतात. टाकणखार (बोरॅक्स), सोनार डाग द्यायला वापरतो तोच, एकरी २ किलो शेवटच्या चिखलणीला मातीत मिसळून द्यावा. किंवा धान पोटरीत आलं (लोंबी बाहेर पडायच्या आधी पानाच्या पोटात असते तेव्हा) की २० टक्के बोरॉनचं खत लिटरला १ ग्रॅम फवारावं. इथे हात सैल सोडू नका. बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांच्यात फार थोडं अंतर आहे. जास्त झालं की पानांची टोकं आणि कडा करपतात. झिंकमध्ये किलोभर इकडेतिकडे चालून जातं, बोरॉनमध्ये चालत नाही. दोन्हीपैकी एकच पद्धत निवडा.

मंगल, तांबं, मॉलिब्डेनम यांच्यासाठी आपल्या पट्ट्यातल्या पाणथळ धानात मला आजवर वेगळा खर्च करावा लागलेला नाही.

एक बांधी सोडा

सगळीकडे झिंक टाकताना एक मधली बांधी मुद्दाम सोडा. बाकी सगळं सारखं ठेवा: वाण, रोवणीची तारीख, युरिया, पाणी. वहीत तिची नोंद करा. कापणीला त्या बांधीच्या आणि शेजारच्या बांधीच्या पेंढ्या वेगळ्या बांधा, वेगळ्या झोडा, वेगळ्या तोला. घरचे म्हणतील, एवढ्या बारक्या बांधीसाठी कशाला खटाटोप. माझ्या वहीत एका वर्षी असंही निघालं की वरच्या हलक्या बांध्यांना झिंकने काडीचाही फरक पडला नव्हता. त्यानंतर मी तिथे टाकणं बंद केलं. पोतं आता फक्त तळ्याच्या बाजूला उतरतं.